सुभद्राबाईसाठी निवडलेली होडी

"आण्णा, हितं मानूस निजवायचं का लोनच्याची बरनी ठिवायची? मान वर केली की टकुरं आपटायलंय माझं!"

ही कुरकुर मी माझ्याच पोटातून ऐकली. कुरकुरणारा तुळजाराम होता. तो माझ्या खोलीतल्या फळीवर उताणा पडला होता, गुडघे पोटाशी आणि पटका छातीवर. बाहेर त्याचा थोरला भाऊ अप्पाराव माझ्या कुशीवर थापा मारत होता. बाजारात बैल पारखताना मारतात तशा.

"मान वर करूच नगं," अप्पाराव म्हणाला. "तिला कुठं मान वर करायचीय?"

तुळजारामानं मान फळीला टेकवली. माझी आणि त्या घराची ओळख झाली ती अशी.

मित्रांनो, तुमच्याशी बोलते आहे ती एक म्हातारी, शिडाची होडी आहे. आकारानं लहान, पण नुसती होडी नव्हे. माझ्या मध्यावर एक बुटकी लाकडी खोली आहे. तिच्यात दोन बाजूंना दोन फळ्या, प्रत्येक फळीवर एक माणूस आडवं होईल एवढी जागा, आणि डोक्याशी एकेक गोल खिडकी. माझ्यासारख्या होड्या समुद्राकडे पुष्कळ असतात असं ऐकते. समुद्र मी पाहिलेला नाही. हे सांगितलं की आमच्या बिदर-गुलबर्ग्याकडच्या माणसांना बरं वाटतं, कारण त्यांनीही तो पाहिलेला नसतो.

माझा जन्म हैदराबादचा, निजामाच्या राज्यातला. हुसेनसागराच्या काठी एका सुतारानं मला सागवानातून घडवलं. रेल्वेतल्या कुणा साहेबाची ती हौस होती. साहेब सुकाणू धरायचा आणि त्याची मडम आतल्या फळीवर आडवी पडून पुस्तक वाचायची. मला दर महिन्याला तेल मिळे, माझी पितळ चिंचेनं घासली जाई. 'काय देखणी आहे!' असं लोक काठावरून म्हणत, आणि मी ऐकू न आल्यासारखं करी. मग साहेब मायदेशी निघाला. निघणाऱ्या माणसाला सामान स्वस्तात द्यावं लागतं. मला पाण्यातून वर काढून लाकडी घोड्यांवर ठेवलं, आणि शेजारी विकायच्या आणखी दोन होड्या ठेवल्या.

अप्पारावानं मडमेला बघितलं होतं, ते आदल्या वर्षी. भीमेच्या काठचा, गाणगापूरच्या वरच्या अंगाचा हा शेतकरी. घरची तूर घेऊन हैदराबादला आला होता. तलावाच्या काठी बसून भाकरी खाताना त्यानं पाहिलं: बाई आडवी पडलीय, आणि तरी चाललीय. ना हिसका, ना धक्का. हातातला घास हातातच राहिला, असं तो पुढं सगळ्यांना सांगत असे.

कारण त्याच्या घरी सुभद्राबाई होती. त्याची बायको. कडब्याच्या गंजीवरून पडली आणि तिच्या कंबरेतून काहीतरी कायमचं गेलं. तिला बसता येत नव्हतं, उभं राहता येत नव्हतं. सपाट जागी उताणी पडली तरच दुखणं सोसवे. तिचं माहेर नदीच्या खालच्या अंगाला, नदिहाळला. तिथं तिची आई चंद्रम्मा. त्या म्हातारीचे डोळे गेले होते आणि आता पायही राहिले होते. म्हणजे एक आई तिकडं अंथरुणात, एक लेक इकडं अंथरुणात, आणि मध्ये दिवसभराची वाट. 'एकदा सुभद्राच्या तोंडावरनं हात फिरवू दे,' एवढंच म्हातारीचं मागणं होतं. येणारा-जाणारा प्रत्येक जण ते घेऊन येई.

बैलगाडी करून पाहिली होती. खाली कडबा, वर गादी, गादीवर सुभद्राबाई. गाडी गावच्या वेशीपर्यंतही गेली नाही. चाक दगडावरून उतरलं की ती ओरडत नसे, ओठ चावत असे. अप्पारावाला ते रक्त दिसलं आणि त्यानं बैल मागं वळवले. देशमुखांचा मेणा मागून आणला, तर त्यात बसावं लागतं. नदीवर गुंडप्पा नावाड्याचा हरगोल होता, कातड्यानं मढवलेली ती गोल टोपली. पण तिच्यात माणूस उकिडवं बसतं आणि गरागरा फिरतं. तेव्हा अप्पारावाच्या मनात त्या मडमेनं घर केलं.

म्हणून तो भावाला घेऊन पुन्हा हैदराबादला आला, होडी निवडायला. त्याच्या खिशात एक सुतळी होती. सुभद्राबाईच्या टाचेपासून माथ्यापर्यंतचं माप त्यानं त्या सुतळीवर गाठ मारून आणलं होतं. निजलेल्या बायकोचं माप घेताना तो काय म्हणाला आणि ती काय म्हणाली, ते मला ठाऊक नाही. पण सुतळीच्या गाठीला हळद लागलेली होती.

आता निवड कशी झाली ते ऐका.

पहिली होडी मोठी होती. ती बघूनच तुळजाराम म्हणाला, "ही घ्यायची म्हंजी रान इकावं लागंल." दुसरी बुटकी, सपाट पोटाची, रुंद. तिची खोली म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. रंग उडालेला. पण तिला वीत-दोन वीत पाणी असलं तरी पुरायचं. तिसरी मी. माझ्या पोटाखाली एक खोल पातं आहे, त्याच्या तळाशी शिसं भरलेलं. त्या पात्यामुळं वाऱ्यात मी आडवी होत नाही. मात्र मला छातीभर पाणी लागतं.

अप्पाराव वाकून खाली बघू लागला. बुटकीच्या पोटाखालून हात फिरवून तो म्हणाला, "हिला पायच न्हाईत, तुळजा. म्हशीगत पोट टेकून बसलीय."

मग त्यानं माझं पातं पाहिलं. दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. ते हललं नाही. त्यानं सुकाणू शेपटीसारखं उचलून सोडलं. डोलकाठीच्या बुडाशी लाकडाच्या रेषांचा भोवरा होता, तो बोटानं चाचपला.

"पायात बघ कशी हाय," तो म्हणाला. "असलं जनावर खांदा टाकत न्हाई."

तलावावरचा पहारेकरी विडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "पानी कित्ता है पटेल, तुमारे गांव में?"

"भीमा हाय आमची!" तुळजारामानं छाती काढून सांगितलं. "समदं गाव वाहून नेती पुरात."

"तो लेओ फिर," पहारेकरी म्हणाला. "नक्को तो नक्को."

अप्पारावानं सुतळी काढली, माझ्या फळीवर ताणून धरली. गाठ फळीच्या आत चार बोटं राहिली. त्याचं तोंड असं उजळलं की मला माझं तेलपाणी आठवलं. बाईचं माप घेऊन आले होते दोघं. नदीचं माप कुणी घेतलं नव्हतं. मी ओरडून सांगितलं असतं, त्या बुटकीकडं बोट दाखवलं असतं. पण मी लाकूड. लाकडाला थाप मारली तर वाजता येतं, आपण होऊन बोलता येत नाही. त्यानं पुन्हा थाप मारली आणि माझा आवाज त्याला खणखणीत वाटला.

मग मी आगगाडीच्या उघड्या डब्यातून गाणगापूर रोडच्या स्टेशनात आले. तिथून दोन बैलगाड्या एकमेकींना बांधल्या, मला त्यांच्यावर निजवलं आणि नदीपर्यंत नेलं. वाटेत प्रत्येक गावाची माणसं बाहेर आली. एक म्हातारी मला देवाचा रथ समजून पाया पडली. काठावर सवाष्णींनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, लिंबू बांधलं. गुंडप्पानं माझ्याभोवती फिरून मुंडी हलवली.

"पाय लई लांब हायत," तो म्हणाला.

"घोड्याचे बी आसत्यात," अप्पाराव म्हणाला.

"मग काय, पानी चढू द्या. नवी नवरी हाय, आडूनच बसंल," गुंडप्पा म्हणाला, आणि सगळे हसले. त्यालाही काही ठाऊक नव्हतं. त्याच्या हरगोलाला पायच नसतात.

श्रावणात भीमा भरून आली. अप्पारावानं सुभद्राबाईला दोन्ही हातांवर उचलून काठापर्यंत आणलं आणि माझ्या फळीवर ठेवलं. चार बोटं जागा राहिली, ठरल्याप्रमाणे. पाण्याचा उजेड खिडकीतून आत येऊन छतावर हलत होता, तो बघत ती म्हणाली, "आगं बाई, ही तर झोका द्यायलीय मला."

मित्रांनो, साहेबाच्या तलावावर मी पुष्कळ मिरवले होते, पण कुणी मला असं म्हटलं नव्हतं. गुंडप्पानं शीड सोडलं. वारा पाठीमागून होता. मी निघाले. दोन शेतांची लांबी मी गेले, ती अशी गेले की आतल्या तांब्यातलं पाणीही हललं नाही. तुळजारामाची बायको रेणुकाबाई काठानं पळत येत ओरडत होती, "आक्का, चंद्रम्मांना म्हनावं, पुढच्या येळंला मी येती!"

आणि मग माझं पातं खडकाला लागलं.

भीमेच्या पोटात फरशा आहेत, थरांवर थर. पूर असो वा नसो, त्या तिथंच. मी थांबले आणि कलले. सुभद्राबाई फळीवरून घसरून खाली गेली. ती तेव्हाही ओरडली नाही. दोर लावून, रेडे लावून मला ओढून काढलं आणि तिला पुन्हा दोन हातांवर घरी नेलं.

त्या दिवसापासून सगळ्यांना एकच वाक्य सापडलं: 'पानी आनखी चढू द्या.' अप्पाराव ते सकाळी म्हणे, गुंडप्पा दुपारी म्हणे, तुळजाराम कधीही म्हणे. पाणी चढलं, तेव्हा इतकं चढलं की काठावर उभं राहवेना. उतरलं, तेव्हा मला टेकवायलाही उरलं नाही. मी वाळूत पात्यावर उभी राहिले, दोन्ही बाजूंना बाभळीचे टेकू लावून. शेळ्या माझ्या सावलीत बसत. रेणुकाबाई माझ्या पाठीवर कुरडया वाळवी.

एकदा कुरडया पालथ्या करताना ती गुंडप्पाला म्हणाली, "मामा, एक इचारू? त्ये पल्याडचे लोक दुखनाईत मानसाला बाज..."

"शूऽऽ!" गुंडप्पानं इकडंतिकडं पाहिलं. "त्यो शब्द काढू नगं. आप्पाराव हितंच कुटं तरी आसंल."

"पर कामून? इतकी वर्सं झाली या घरात, कुनी सांगंना. गोठ्यात बाज उभी करून ठिवलीय, कुनी आडवी करंना. आजारी मानूस बी भुईवर निजतंय."

गुंडप्पा खाली बसला आणि हळू बोलला. अप्पाराव तरणा असताना त्याच्या आईला ताप आला होता. अप्पारावानंच हट्ट धरला की गुलबर्ग्याच्या हकिमाला दाखवायचं. बाजेवर निजवून चौघांनी खांद्यावर घेतली. पुढच्या डाव्या खांद्याला तो स्वतः होता. अर्ध्या वाटेत आई गेली, आणि त्याला ते कळलं नाही. तो चालतच राहिला, तिच्याशी बोलत राहिला. मागच्यानं सांगितलं तेव्हा कळलं. त्यानंतर जिवंत माणूस चार खांद्यांवर घेण्याचं नाव त्या घरात कुणी काढलं नाही.

रेणुकाबाईच्या हातातली कुरडई मोडली. "म्हंजी आक्काला न्यायला वाट हाय," ती म्हणाली. "आन समद्यांना ठावं हाय."

"हाय. पर त्याला कोन सांगनार? तू सांगतीस?"

ती कुरडया गोळा करून निघून गेली.

तेव्हा मला कळलं की मी कशासाठी तिथं उभी होते. एवढी मोठी लाकडी वस्तू मध्ये ठेवली की माणसांना एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. सगळे माझ्याकडं बघत.

दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला. संक्रांतीनंतर नदिहाळहून अंकुशराव नावाचा सुभद्राबाईचा चुलतभाऊ पायी आला. त्यानं सांगितलं की म्हातारीनं जेवण सोडलंय, नुसतं पाणी घेते, आणि पावलं वाजली की कोण आलं म्हणून कानडीत विचारते, 'यारू? सुभद्रा?' त्या रात्री अप्पारावाच्या घरात काय झालं ते मला माहीत नाही. सकाळी तो कुदळी आणि माणसं घेऊन वाळूत आला. माझ्यापासून नदीच्या बारीक धारेपर्यंत चर खणायचा, त्यात पाणी घ्यायचं, आणि मला तरंगवत खालच्या डोहापर्यंत न्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं. डोहाच्या पुढं काय, ते त्यानं ठरवलं नव्हतं.

सुभद्राबाईनं एकच मागितलं, मला होडीतच नेऊन ठेवा. वाट बघायची तर तिथंच बघीन. म्हणून तिला पुन्हा माझ्या फळीवर आणलं. माझं शीड काढून तिच्यावर सावली केली. मी थोडी कललेली होते, तर फळीखाली दगड सारून ती सपाट केली.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी काही मागणं मागतात. मीही मागते, आणि आत्ताच मागून घेते, कारण पुढचं सांगून झाल्यावर मला बोलवेल असं वाटत नाही. 'आमची निगा राखा' असं मी म्हणणार नाही. माझी निगा राखण्यात त्या घरानं काडीची कसूर केली नाही. शेंगदाण्याचं तेल घरात खायला नसे, तेव्हाही मला लावलं. माझं मागणं निराळं आहे. कुणासाठी काही आणायचं झालं, तर त्याचं माप घ्या, थाप मारून बघा, पाय बघा, शेपटी बघा. पण त्याआधी, ज्याच्यासाठी आणता त्याला एकदा विचारा. सुभद्राबाईला सुतळीनं मोजलं होतं. विचारलं नव्हतं.

चर काही होईना. वाळू दुपारपर्यंत उपसावी आणि संध्याकाळपर्यंत ती कडेनं ढासळून पुन्हा भरावी. गावची माणसं दोन दिवस राबली; मग आपापल्या कामाला लागली. घरचे राहिले, आणि गुंडप्पा, आणि अंकुशराव. त्या दिवशी दुपारी चरात गुडघाभर गढूळ पाणी आलं. तुळजाराम ओरडला, "आण्णा, पानी!" सगळे माझ्या पाठीला लागले. रेणुकाबाईनंही पदर खोचला. "हय्या!" म्हणून त्यांनी मला रेटलं.

मी जायला बघत होते. देवाशपथ सांगते, त्या वेळी मला पाय नको होते. माझं पातं वाळूत तसंच रुतून राहिलं आणि ते पाणी बघता बघता वाळूत जिरून गेलं.

"चढंल," अप्पाराव म्हणाला. त्याच्या तळहातांची सालं निघाली होती. "आनखी थोडं खनू."

"व्हय, चढंल," गुंडप्पा म्हणाला.

"चढतंय की. न चढाया काय झालं?" तुळजाराम म्हणाला, आणि पाठ फिरवून त्यानं डोळे पुसले.

रेणुकाबाईनं अप्पारावाकडं पाहिलं आणि खोचलेला पदर सोडला. अंकुशराव चपला झाडत म्हणाला, "मी निघतो दाजी. तिकडं काय सांगू?"

सगळे माझ्याकडं बघत राहिले. माझ्या डोलकाठीकडं, माझ्या पितळेकडं. माझ्याकडं काही नव्हतं.

"ऐकलं का?"

आवाज खिडकीतून आला. सुभद्राबाईनं माझ्या खिडकीच्या कडेला हात धरला होता. बोटं वाळून काटक्यांसारखी झाली होती, पण पकड घट्ट होती. अप्पाराव जवळ गेला आणि वाळूत गुडघ्यांवर बसला, म्हणजे त्याचं तोंड खिडकीपाशी आलं.

"कुदळ ठिवा खाली," ती म्हणाली.

"सुभद्रे, पानी चढंल गं..."

"न्हाई चढत. तुमाला बी ठावं हाय, मला बी. ह्या पोरीनं लई झोका दिला मला, तिचा काय दोष न्हाई. पर ही भीमेची न्हाई." तिनं दम घेतला. "आत्याबाईंचं, तुमच्या आईचं, मला ठावं हाय. समदं ठावं हाय. सोळा वर्साची व्हती मी ह्या घरात आली तवा, चुलीफुडंच सांगितलं व्हतं बायांनी. तुमी कंदी बोलला न्हाईत, म्हनून मी बी न्हाई बोलले."

अप्पाराव मान खाली घालून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. पुढचा डावा खांदा कुठला, ते आता मला माहीत होतं.

"वाटंत मेले तर मेले," सुभद्राबाई म्हणाली. "मेल्यावर चौघं उचलनारच मला. तुमीच उचलनार, फुडं. मग आत्ता जित्ती हाय तर उचला की! गोठ्यातली बाज आना. आन वाटंनं माझ्यासंगं बोलत ऱ्हावा. मी उत्तर दिती."